‘दुसरं अभिसरण’: पोलिश कादंबरीतल्या रांगेमागचा इतिहास

कम्युनिस्ट काळावरची पोलिश कादंबरी उघडली की रांग भेटतेच. १९७७च्या एका कादंबरीत नाताळच्या आदल्या दिवशी वॉर्सातल्या सराफी दुकानापुढे माणसं ताटकळत उभी आहेत, सोव्हिएत सोन्याच्या अंगठ्या येणार म्हणून. सरकारी प्रकाशनगृहाने ती छापणं शक्यच नव्हतं. ती ‘दुसऱ्या अभिसरणा’तून आली.

हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. मूळ पोलिश ‘द्रुगी ओब्येग’. सेन्सॉरच्या संमतीने निघतं ते पहिलं अभिसरण; त्याला न विचारता निघतं ते दुसरं. ‘भूमिगत’ म्हटलं की आपल्याला बेचाळीसची बुलेटिनं आठवतात. इथे छापखाना लपलेला असे, पण अनेक लेखक उघड होते, मुखपृष्ठावर खरं नाव घालून. याहून जुना शब्द ‘बिबुवा’, म्हणजे टीपकागद. तो झारच्या काळातल्या चोरट्या छपाईपासून चालत आलेला. शाई नसली की हात धुण्याच्या पेस्टमध्ये रंग कालवून जाळीच्या चौकटीवर पानं छापली जात. पॅरिसमधल्या पोलिश प्रकाशनाची पुस्तकं लहान करून पुन्हा छापत; अक्षरं इतकी बारीक की डोळे दुखावेत.

दुसऱ्या अभिसरणात जावं की नाही, यावर लेखकांत खरा वाद होता. गेलं की अधिकृत प्रकाशनाची दारं बंद होण्याची भीती. पहिल्यातच राहिलं तर हजारो वाचक, पण दोन ओळींच्या मध्ये बोलायचं. राहणाऱ्यांना भित्रं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. तरी रांगेला तिच्या कारणासकट रांग म्हणणं दुसऱ्या अभिसरणातच जमलं.

त्याआधीचं थोडक्यात: जानेवारी १९४९मध्ये श्चेचिन शहरातल्या लेखक-मेळाव्यात समाजवादी वास्तववाद, म्हणजे पक्षाला हवं तसंच चित्र रंगवायची शैली, लादला गेला, १९५६नंतर पकड सैलावली. रांगेची कादंबरी लिहिणाऱ्यानेच १९५०मध्ये बांधकाम मजुरांचं गौरवगान लिहिलं होतं. त्याच हाताने पुढे १९७९च्या कादंबरीत, कम्युनिस्ट पक्षाच्या इमारतीपुढे स्वतःला पेटवून घ्यायला सांगितलेला लेखक उभा केला.

३१ जुलै १९८१च्या कायद्याने, सेन्सॉरने कापलेली जागा दाखवायची मुभा मिळाली. चौकोनी कंसात नुसत्या रेघा आणि शेजारी कायद्याचं कलम. डिसेंबरात लष्करी कायदा आला, तरी त्या रेघा पुढेही छापल्या गेल्या. वाचक त्या कंसापाशी थांबत. सेन्सॉरशिप कायद्याने संपली ती एप्रिल १९९०मध्ये.