ओहेमाचे आसन : घानातील राणीमातांच्या अधिकाराची पार्श्वभूमी

घानातील अकान समाजात निवाडा करताना पंच विचारविनिमयासाठी बाजूला जातात, तेव्हा ते 'आबेरेवाला विचारून येतो' असे म्हणतात. आबेरेवा म्हणजे म्हातारी. शेवटचा शहाणा शब्द घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडे असतो, ही धारणा या वाक्प्रचारात मुरलेली आहे आणि तिचेच राजकीय रूप म्हणजे ओहेमा हे पद होय. इंग्रजीच्या वळणाने त्याला 'राणीमाता' म्हणण्याचा प्रघात पडला असला, तरी मराठी वाचकाच्या मनात राजमाता म्हणताच जिजाबाईंची प्रतिमा उभी राहते, म्हणून एक खुलासा आवश्यक आहे : ओहेमा ही राजाची आई असेलच असे नाही. ती त्याची बहीण, मावशी किंवा मावसबहीणही असू शकते, कारण हे पद नात्यामुळे आपोआप मिळत नाही. त्यासाठी निवड होते आणि त्याला स्वतःचे आसन, दरबार व मानकरी असतात.

अकानांमध्ये वंश आईकडून मोजला जातो आणि राजाचा वारस त्याचा मुलगा नसून मातृकुळातील भाऊ किंवा भाचा असतो. राजरक्त कोणात आहे, हे ठरवण्याचा अधिकार म्हणूनच कुळाची वंशावळ ज्ञात असलेल्या स्त्रीकडे येतो. गादी रिकामी झाल्यावर सरदार तिच्याकडे उमेदवार मागतात. ती घराण्यातील वडिलांशी बोलून नाव सुचवते. ते नाकारले गेले तर दुसरे, मग तिसरे. तिन्ही नाकारली गेली, तरच पुढाकार सरदारांकडे जातो, आणि तेव्हाही तिची संमती लागते. दरबारात ती राजाच्या शेजारी बसते आणि चारचौघांत त्याची कानउघाडणी करण्याचा हक्क परंपरेने तिला आहे. खांदे उघडे ठेवून गुंडाळलेले वस्त्र आणि बारीक कापून काळे केलेल्या केसांची 'दान्सिंक्रान' केशरचना यांवरून ती आजही समारंभात लगेच ओळखू येते.

हा अधिकार केवळ समारंभापुरता नव्हता, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिसून आले. आशांती हे अकानांचेच एक राज्य, कुमासी ही त्याची राजधानी. 1883 ते 1888 या काळातील यादवीनंतर आशांतीची ओहेमा 'या अक्या' ('या' हा नावाचाच भाग) हिने आपला मुलगा प्रेम्पे याला गादीवर बसवले. 1896 मध्ये ब्रिटिशांनी कुमासीत येऊन प्रेम्पेला अटक केली, तेव्हा त्याच्याबरोबर त्याच्या आईलाही नेले. आधी सिएरा लिओनला आणि 1900 मध्ये सेशेल्स बेटांवर. आशांतीतील एजिसू या ठिकाणचा राजाही हद्दपार झाल्याने तेथील ओहेमा 'या असान्तेवा' कारभार पाहू लागली. 28 मार्च 1900 रोजी ब्रिटिश गव्हर्नर हॉजसन याने कुमासीत सुवर्णासनाची मागणी केली. आशांतींच्या दृष्टीने या आसनात साऱ्या प्रजेचा प्राण वसतो आणि त्यावर खुद्द राजाही बसत नाही. या मागणीतून उसळलेल्या युद्धाचे नेतृत्व 'या असान्तेवा'ने केले. ती पकडली गेली आणि 1921 मध्ये सेशेल्समध्येच वारली. सुवर्णासन मात्र ब्रिटिशांच्या हाती लागले नाही.

माझ्या मते ओहेमांचे खरे नुकसान रणांगणावर झाले नाही, ते कचेरीत झाले. ब्रिटिशांनी पुढे स्थानिक राजांमार्फत राज्य चालवायचे ठरवले. त्यांना न्यायालये दिली, महसूल दिला आणि अधिकृत याद्यांत त्यांची नावे लिहिली. त्या याद्यांत ओहेमा नव्हत्या. रॅट्रे या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने 1920 च्या दशकात वयस्क आशांतींना विचारले की इतकी वर्षे या देशात राहूनही आपल्याला ओहेमांचे महत्त्व का कळले नाही. उत्तर मिळाले की गोऱ्यांनी कधी विचारलेच नाही. ते फक्त पुरुषांशी व्यवहार करत, त्यामुळे त्यांच्या लेखी बायकांना किंमत नसावी असे आम्ही धरून चाललो. 1935 मध्ये आशांती महासंघ, म्हणजे आशांती राजांचा एकत्रित संघ, पुन्हा उभा राहिला, पण कागदावरची ही वगळणूक स्वतंत्र देशाच्या संस्थांपर्यंत उतरली.

1992 च्या राज्यघटनेने पारंपरिक प्रमुखपदाला संरक्षण दिले आणि 277 व्या कलमातील व्याख्येत राणीमातेचा स्पष्ट समावेश केला. ही नोंद मोलाची आहे. परंतु वारसाहक्काचे तंटे ऐकणाऱ्या आणि रूढींचे संकलन करणाऱ्या राष्ट्रीय व प्रादेशिक प्रमुख-सभांची बैठक पुरुष प्रमुखांचीच राहिली. ज्या स्त्रीच्या शब्दाशिवाय वारस ठरत नाही, तिलाच वारसाच्या तंट्यात आसन नसावे, ही विसंगती ओहेमा स्वतः वर्षानुवर्षे मांडत आल्या आहेत. आसनाच्या, म्हणजे पारंपरिक गादीच्या नावे असलेल्या, जमिनींच्या उत्पन्नाचे वाटप ठरवणाऱ्या 267 व्या कलमातही त्यांच्या वेगळ्या वाट्याचा उल्लेख नाही.

काम मात्र थांबलेले नाही. बाजारपेठांत रताळ्यासारख्या यामपासून टोमॅटोपर्यंत मालागणिक वेगळी ओहेमा असते; ती विक्रेत्यांचे तंटे मिटवते आणि अडीअडचणीला उभी राहते. पूर्वेकडील मान्या क्रोबो भागात, जेथे राणीमातेला 'मान्ये' म्हणतात, एड्सच्या साथीने अनेक मुले पोरकी झाली, तेव्हा तेथील राणीमातांनी संघटित होऊन ती मुले आपापल्या घरी वाढवायला घेतली.