‘ओल्ड क्राउन’ आणि बांधील पबांचा प्रश्न

इंग्लंडच्या कंब्रियामधील हेस्केट न्यूमार्केट या लहानशा गावातील ‘ओल्ड क्राउन’ २००३ मध्ये विक्रीला निघाला, तेव्हा शंभराहून अधिक गावकऱ्यांनी आणि हितचिंतकांनी भागभांडवल उभारून तो विकत घेतला. ब्रिटनमधील पहिला सहकारी पब म्हणून त्याचे नाव घेतले जाते. हर्टफर्डशायरमधील प्रेस्टनच्या रहिवाशांनी १९८० च्या दशकातच आपला ‘रेड लायन’ ताब्यात घेतला होता; त्यामुळे ‘पहिला’ म्हणताना ‘सहकारी’ हा शब्द गाळता येत नाही.

बिअर विकण्यासाठी परवान्याची सक्ती १५५२ पासूनची आहे. १८३० च्या कायद्याने करदात्याला दोन गिनी (जुने ब्रिटिश चलन) भरून बिअर विकण्याची मुभा दिली आणि १८६९ मध्ये ती पुन्हा आवळली गेली. नवे परवाने दुर्मीळ झाल्यावर ब्रुअऱ्यांनी, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कंपन्यांनी, पबच विकत घेतले. पबचालक भाडेकरू झाला आणि मालक ब्रुअरीचीच बिअर तिने ठरवलेल्या दराने घेण्याचे बंधन त्याच्यावर आले; हाच ‘बांधील पब’.

आजच्या परिस्थितीचे मूळ मात्र सरकारच्या १९८९ च्या निर्णयात आहे. सहा बड्या ब्रुअऱ्या देशातील सुमारे तीन-चतुर्थांश बिअर तयार करत होत्या. कोणत्याही ब्रुअरीकडे दोन हजारांहून अधिक पब नसावेत, ही चौकशी आयोगाची शिफारस होती. ब्रुअऱ्यांच्या दबावानंतर सरकारने ती पातळ केली आणि दोन हजारांवरच्या पबांपैकी फक्त निम्मे नोव्हेंबर १९९२ पर्यंत विकावेत किंवा बंधनमुक्त करावेत, असा आदेश काढला. त्यातली खरी चूक वेगळीच होती. आदेश ब्रुअऱ्यांना लागू होता, बंधनाला नव्हे. परिणामी हजारो पब बिअर न बनवणाऱ्या मालमत्ता कंपन्यांकडे गेले, आणि आदेशाच्या कक्षेबाहेर असलेल्या या कंपन्यांनी तेच बंधन चालू ठेवले. हा आदेशही २००३ मध्येच रद्द झाला.

‘फ्री हाऊस’ या पाटीचा अर्थही यामुळे नीट समजून घ्यावा लागतो. ती पाटी पब कोणाच्या मालकीचा आहे हे सांगत नाही; बिअर कोणाकडून घ्यावी याचे बंधन नाही, एवढेच सांगते. जागा भाड्याची असूनही पब मुक्त असू शकतो. ‘ओल्ड क्राउन’मागच्या कोठारात १९८८ मध्ये ब्रुअरी सुरू झाली आणि १९९९ मध्ये, म्हणजे पबच्या आधीच, ती सहकारी झाली; पण पब आणि ब्रुअरी या दोन स्वतंत्र संस्था आहेत. आसपासच्या डोंगरांची नावे मिरवणारी तिची बिअर या पबात विकली जाते, ती बंधनामुळे नव्हे, तर शेजारधर्माने आणि सभासदांच्या पसंतीने, आणि हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

पुढे २०११ च्या कायद्याने सामुदायिक मोलाची वास्तू म्हणून पबची नोंद करण्याची सोय झाली, तर २०१६ पासून पाचशे किंवा अधिक बांधील पब असलेल्या कंपन्यांच्या भाडेकरूंना ठरावीक प्रसंगी बंधनाऐवजी केवळ बाजारभावाने भाडे देण्याचा पर्याय मिळाला. नोंदलेला पब विक्रीला निघाला, तर गावाला पैसे उभारण्यासाठी सहा महिन्यांची मुदत मागता येते. ती संपल्यावर पब गावालाच विकण्याची सक्ती मात्र मालकावर नाही.