पार्श्वभूमी : बेलमोंदोचं दहावं पदक

इटलीची क्रॉस-कंट्री स्कीपटू (बर्फावरून काठ्या रेटत लांब पल्ला कापणारी) स्तेफानिया बेलमोंदो हिच्या नावावर ऑलिंपिकची दहा पदकं आहेत : दोन सुवर्ण, तीन रौप्य, पाच कांस्य. २००२ च्या मोसमानंतर तिनं स्पर्धेतून निवृत्ती घेतली तेव्हा मात्र पदकं नऊच होती. दहावं नंतर आलं. ते कसं आलं हे समजल्याशिवाय तिच्या कारकिर्दीचा हिशेब नीट लागत नाही.

जन्म १९६९ चा, इटलीच्या पिएमोंते प्रदेशातल्या कुनेओ प्रांतातल्या विनादिओचा. उंची जेमतेम १.५८ मीटर. १९९२ च्या आल्बर्टव्हिल ऑलिंपिकमध्ये महिलांची लांब शर्यत २० वरून ३० किलोमीटरवर गेली आणि ती पहिलीच शर्यत तिनं जिंकली, वयाच्या तेविसाव्या वर्षी. इटलीच्या पुरुषांना या खेळातलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण १९६८ मध्ये ग्रेनोबलला मिळालं होतं, तेही ३० किलोमीटरमध्येच. महिलांचं पहिलं हे. पुढच्याच वर्षी फालूनच्या जागतिक स्पर्धेत तिनं दोन सुवर्णपदकं घेतली.

मग पायाचा अंगठा आडवा आला. शस्त्रक्रिया झाल्या, सराव मागे पडला. १९९४ मध्ये लिलेहॅमरला तिला दोन कांस्यपदकांवर समाधान मानावं लागलं. त्याच ऑलिंपिकमध्ये तिच्याच संघातल्या दुसऱ्या स्कीपटूनं पाच शर्यतींत पाच पदकं मिळवली, त्यामुळे इटलीतली सगळी चर्चा तिकडे वळली. १९९७ च्या ट्रॉन्डहाइम जागतिक स्पर्धेत बेलमोंदोला चार वैयक्तिक रौप्यं मिळाली आणि चारही वेळा सुवर्ण एकाच रशियन स्कीपटूकडे गेलं. त्यातल्या ५ किलोमीटरच्या शर्यतीत खरं तर ती तिसरी आली होती. पहिली आलेली दुसरी एक रशियन खेळाडू ब्रोमँटन या उत्तेजकाच्या चाचणीत सापडली, म्हणून सगळ्या एकेक पायरी वर सरकल्या. निकाल लागून गेल्यावर पदकाचा रंग बदलण्याचा प्रकार तिच्या वाट्याला तेव्हाच पहिल्यांदा आला. १९९८ ला नागानोत एक रौप्य, एक कांस्य. १९९९ ला रामझाऊला पुन्हा दोन जागतिक सुवर्णं. विश्वचषक मालिकेचं एकूण विजेतेपद मात्र तिला कधीच मिळालं नाही.

आता २००२. सॉल्ट लेक सिटीच्या त्या ऑलिंपिकमधलं पहिलं सुवर्ण ठरणार होतं ९ फेब्रुवारीला, महिलांच्या १५ किलोमीटर फ्रीस्टाइल (स्केटिंगसारखं तिरकं ढकलत जाण्याच्या) शर्यतीत. सोल्जर हॉलोचा ट्रॅक समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटरवर, आणि ऑलिंपिकच्या क्रॉस-कंट्रीत सगळ्यांनी एकदम सुटण्याची पद्धत याच खेपेला आलेली. तशा गर्दीत काठ्या अडकणारच. साडेचार किलोमीटरच्या आसपास उरले असताना बेलमोंदोची काठी मोडली. एका काठीवर चढण चढत राहिली, पुढचा घोळका निसटला. कडेला उभ्या असलेल्या फ्रेंच पथकातल्या माणसानं आपल्याकडची काठी पुढे केली. फ्रीस्टाइलमध्ये काठी साधारण उंचीच्या नऊ दशांश लागते आणि बेलमोंदो सगळ्यांत बुटक्या स्पर्धकांपैकी, त्यामुळे ती काठी तिला लांब पडली. तरी ती तशीच रेटत राहिली. पुढे इटलीच्या माणसानं तिच्या मापाची काठी दिली आणि तिनं एकेकीला गाठायला सुरुवात केली. शेवटच्या सरळ टप्प्यात रशियाच्या स्कीपटूला मागे टाकून १.८ सेकंदांनी जिंकली. दोन ऑलिंपिक सुवर्णांमध्ये दहा वर्षांचं अंतर.

त्यानंतरच्या पंधरवड्याचा गुंता मात्र दोन वर्षं सुटला नाही.

१२ फेब्रुवारीला १० किलोमीटर क्लासिक (स्की समांतर ठेवून जाण्याच्या) शर्यतीत बेलमोंदो चौथी आली. २१ तारखेला रिले होती. सकाळच्या रक्ततपासणीत एका रशियन स्कीपटूचं हिमोग्लोबिन ठरलेल्या मर्यादेच्या वर निघालं आणि रशियाचा संघ सुरुवातीच्या रेषेवर आलाच नाही. ही स्कीपटू तीच, जिला बेलमोंदोनं ९ तारखेला १.८ सेकंदांनी हरवलं होतं. २४ तारखेला ती ३० किलोमीटरच्या शर्यतीत उतरली आणि दीड मिनिटाहून जास्त फरकानं पहिली आली. त्याच दिवशी तिला बाद केलं गेलं, कारण २१ तारखेला घेतलेल्या तिच्या नमुन्यात डार्बेपोएटिन सापडलं होतं. तिच्याबरोबर तिची एक सहकारीही त्याच कारणानं बाद झाली. ३० किलोमीटरचं सुवर्ण दुसऱ्या इटालियन स्कीपटूला गेलं आणि बेलमोंदोचं कांस्य रौप्य झालं.

डार्बेपोएटिन हे मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या रक्तक्षयावरचं औषध. तेव्हा ते बाजारात नवं होतं आणि बंदीच्या यादीत त्याचं नाव छापलेलं नव्हतं. बचावाचा सगळा भर त्यावर होता. हा बचाव मला पहिल्यापासून लंगडा वाटत आला आहे. तांबड्या पेशी वाढवणाऱ्या त्या जातीच्या द्रव्यांवर बंदी होतीच, आणि धडधाकट स्कीपटूला ते औषध घ्यायचं दुसरं काही कारण असू शकत नाही.

खरा वाद होता तो शिक्षेच्या व्याप्तीचा. सुरुवातीला फक्त ३० किलोमीटरचा निकाल रद्द झाला. त्याच ऑलिंपिकमधली या दोघींची आधीची पदकं तशीच राहिली, कारण त्या शर्यतींनंतरच्या चाचण्या निर्दोष निघाल्या होत्या. २१ तारखेला दोषी ठरलेली खेळाडू १२ तारखेला निर्दोष कशी, याचं पटणारं उत्तर कुणीच दिलं नाही. एकीच्या डिसेंबर २००१ मधल्या नमुन्यातही तेच द्रव्य असल्याचं पुढे निष्पन्न झालं, त्यामुळे तिचा प्रश्न सोपा झाला. दुसरीचा अडून राहिला. अखेर पर्स्यूट (दोन टप्प्यांत होणाऱ्या पाठलागाच्या) शर्यतीतल्या पदकासाठी कॅनडानं दाद मागितली आणि क्रीडा लवादानं डिसेंबर २००३ मध्ये कॅनडाच्या बाजूनं कौल दिला. त्यापाठोपाठ १० किलोमीटरचा निकालही बदलला, कारण तिथं बेलमोंदोच्या पुढे आलेली ही दुसरी बाद झाली. बेलमोंदो चौथीची तिसरी झाली. हे दहावं पदक.

काही जण अशा पदकांना कागदावरची पदकं म्हणतात. मला ते मुळीच मान्य नाही. १२ फेब्रुवारीला नियमानं धावलेल्यांमध्ये ती तिसरीच होती आणि हिशेब दहाचाच धरला पाहिजे. ज्यांनी दोन वर्षं लावली त्यांच्यामुळे तिचा त्या दिवशीचा मंचावरचा क्षण मात्र गेला, आणि ते नुकसान कुठल्याही निकालपत्रकात भरून निघालेलं नाही. ९ तारखेच्या सुवर्णाला तर कुणाच्या निकालाची गरजच पडली नाही. पुढे जिचं त्या शर्यतीतलं रौप्यही काढून घेतलं गेलं, तिला बेलमोंदोनं बर्फावरच हरवलं होतं.

१० फेब्रुवारी २००६ ला तुरीनला, म्हणजे तिच्याच पिएमोंतेत, ऑलिंपिकची ज्योत तिच्या हातून पेटली. त्यानंतरही इटलीच्या महिलांमध्ये हिवाळी ऑलिंपिकच्या सर्वाधिक पदकांचा आकडा तिच्याच नावावर होता. तो मागे पडला २०२२ मध्ये बीजिंगला, जेव्हा शॉर्ट ट्रॅक स्केटिंगमधल्या एका इटालियन खेळाडूनं अकरावं पदक घेतलं. बेलमोंदोचं दहावं पदक नसतं तर त्याच ऑलिंपिकमध्ये दहावर पोचतानाच या खेळाडूनं तिला मागे टाकलं असतं.