क्लोन सागा: स्पायडरमॅनचे वाचक भडकले त्यामागचा इतिहास

नाशिकमध्ये स्पायडरमॅनचे जुने इंग्रजी अंक मिळतात ते बहुतेक सुटे. रद्दीच्या दुकानात किलोवर आलेल्या गठ्ठ्यात, नाहीतर कुणी मुंबईच्या फोर्टातल्या फुटपाथवरून आणलेले. त्यात १९९४ ते १९९६ मधला एखादा अंक हाती आला की वाचणारा हमखास चक्रावतो. दोन पीटर पार्कर (स्पायडरमॅनचं खरं नाव), वारलेली आंट मे (त्याची काकू), मधेच बदललेलं मासिकाचं नाव. अमेरिकेतल्या वाचकाला सगळे अंक मिळत होते, तरी तोही चक्रावला होता. वर दर आठवड्याला खिशातले पैसे घालवून.

या भानगडीचं, म्हणजे ‘क्लोन सागा’ नावाच्या लांबलेल्या कथेचं, मूळ १९७३ मध्ये आहे. ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या १२१ व्या अंकात पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी मेली आणि वाचक खवळले. तिला परत आणा, असा दबाव लेखक जेरी कॉनवेवर आला. मेलेलं माणूस जिवंत करायचं नाही आणि वाचकांनाही गप्प करायचं, म्हणून त्याने क्लोनची पळवाट काढली: जॅकल नावाच्या प्राध्यापकाने ग्वेनचा क्लोन बनवला, मग पीटरचाही. १४९ व्या अंकात (ऑक्टोबर १९७५) पीटरचा क्लोन मेला, १५१ व्या अंकात खऱ्या पीटरने त्याचं प्रेत धुराड्यात टाकलं आणि प्रकरण मिटलं. म्हणजे क्लोन सागा ही मुळात वाचकांच्याच रागाची नात.

१९९४ च्या सुमारास लेखकांच्या बैठकीत टेरी कॅव्हनाने तोच क्लोन परत आणायची कल्पना मांडली. क्लोन मेलाच नव्हता. तो काकाचं नाव आणि काकूचं माहेरचं आडनाव जोडून बेन रायली म्हणून जगत होता. बेत काही महिन्यांचा होता. सुरुवातीचे अंक जोरात खपले, विक्री विभाग म्हणाला लांबवा, आणि कथा डिसेंबर १९९६ पर्यंत ओढली गेली. पाणी घालून वाढवलेल्या टीव्ही मालिका आपल्याला नव्या नाहीत. पण मालिका फुकट दिसते. इथे साधा अंक दीड-दोन डॉलरचा, आणि एकाच कथेसाठी महिन्याला चार मासिकं: ‘वेब ऑफ’, ‘अमेझिंग’, नुसतं ‘स्पायडर-मॅन’ आणि ‘स्पेक्टॅक्युलर’.

वाचक चिडला त्यात क्लोनपेक्षा या मांडणीचा दोष जास्त आहे. पहिली चार भागांची कथा ‘वेब’ ११७, ‘अमेझिंग’ ३९४, ‘स्पायडर-मॅन’ ५१ आणि ‘स्पेक्टॅक्युलर’ २१७ अशी फिरते. हे क्रमांक ओळीने लागत नाहीत, त्यामुळे दुकानात एक अंक चुकला की मधला भाग गेला. पुढचे काही महिने तर वाटणीच झाली: ‘अमेझिंग’ आणि ‘स्पेक्टॅक्युलर’मध्ये पीटर, ‘वेब’ आणि ‘स्पायडर-मॅन’मध्ये बेन. वर्षानुवर्षं फक्त ‘अमेझिंग’ घेणाऱ्याने ३९५ ते ३९८ वाचले, तर ज्या बेनवरून एवढा गदारोळ चालला होता त्याची कथा त्याच्या हाती पडतच नाही. आपल्याकडे १९६४ ते १९९० या काळात इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्यांना हे आणखी जड जातं. वेताळाची (फँटमची) गोष्ट बहुधा एका अंकात उरकायची.

एवढं होऊनही ‘अमेझिंग’च्या ४०० व्या अंकापर्यंत (एप्रिल १९९५) बरेच वाचक टिकून होते. जे. एम. डीमॅटिसने लिहिलेल्या या अंकात आंट मे पीटरला सांगते की तो स्पायडरमॅन आहे हे तिला कधीचं ठाऊक आहे, आणि मग ती जाते. मुखपृष्ठ राखाडी, थडग्याच्या दगडासारखं उठावाचं. आजही हा अंक नावाजला जातो. १९९८ मध्ये मार्व्हलने (स्पायडरमॅनच्या प्रकाशकाने) जाहीर केलं की मेली ती आंट मे नव्हतीच, तिचं सोंग घेतलेली एक नटी होती. तेव्हा ज्यांनी तो अंक जपून ठेवला होता त्यांनाच सर्वात जास्त लागलं.

खरा भडका ‘स्पेक्टॅक्युलर’ २२६ ने उडाला. तपासणीत निघालं की बेन खरा आणि पीटर क्लोन. म्हणजे १९७५ नंतरचे वीस वर्षांचे अंक एका नकलीचे. त्याच अंकात पीटरचा हात गरोदर बायकोवर, मेरी जेनवर पडतो. हे वाचकांनी कधीच माफ केलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

मग कथा लगेच का वळवली नाही? कॉमिक लिहून, रेखाटून, शाई-रंग चढवून छापायला तीन-चार महिने जातात, आणि दुकानदार दोनेक महिने आधीच मागणी नोंदवतो, तीही माल परत न करण्याच्या बोलीवर. त्यामुळे जुलैत आलेलं रागाचं पत्र संपादक उघडतो तेव्हा पुढचे काही अंक तयार असतात आणि त्यांची विक्री कागदावर चांगलीच दिसते. दुकानात न खपलेले गठ्ठे प्रकाशकाला दिसत नाहीत. त्यातच संपादक बदलत गेले, आणि बॉब हॅरस मुख्य संपादक झाल्यावर शेवट आणखी पुढे ढकलला गेला. अखेर ‘स्पायडर-मॅन’ ७५ मध्ये बेन पीटरला वाचवताना मरतो, त्याची धूळ होते, आणि तोच क्लोन होता हे सिद्ध होतं. पीटर-मेरी जेनचं बाळही त्याच कथेत जातं. २७ डिसेंबर १९९६ ला मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याला कारणं अनेक होती, सगळं खापर बेनवर फोडणं चूक. जानेवारी १९९७ च्या तारखेने मार्व्हलनेच क्लोन सागा संपवण्याच्या १०१ तऱ्हांवर एक विनोदी अंक काढला.

गंमत म्हणजे बेनचे चाहते तेव्हाही होते आणि वाढतच गेले. २००९ मध्ये डीफाल्को आणि मॅकी या मूळ लेखकांपैकी दोघांनी, आधी ठरली होती तशी कथा सहा अंकांत सांगितली.

सुटे अंक असतील तर क्रमांकावर जाऊ नका. मुखपृष्ठावर किंवा पहिल्या पानावर कथेचं नाव आणि भाग छापलेला असतो, त्यावरून लावा. छापील महिना प्रत्यक्ष विक्रीच्या साधारण दोन महिने पुढचा असतो. १९९५ अखेरचे ‘स्कार्लेट स्पायडर’ (बेनचं वेषातलं नाव) नावाचे अंक वेगळी मालिका समजून बाजूला टाकू नका. त्या दोन महिन्यांत चालू मासिकांचंच नाव बदललं होतं. चकाकत्या मुखपृष्ठाला जास्त पैसे देऊ नका. १९२८ पासून नोटा छापणाऱ्या नाशिकला चकचकीत छपाईचं अप्रूप नसावं, आणि ते अंक इतके छापले गेले की दुर्मिळ नाहीत. सगळं एकत्र हवं तर संकलन अकरा खंडांचं आहे: क्लोन सागाचे पाच, बेन रायलीचे सहा. अकरा घ्यायची ऐपत आणि जागा नसेल तर पहिला आणि शेवटचा खंड घ्या, आणि मधला ‘अमेझिंग’ ४०० सुटा शोधा.