मेटॅलिका नेमकी कधी संपली?

पुण्यातले चाळिशी ओलांडलेले चार मेटलवाले, म्हणजे हेवी मेटल रॉकचे भक्त, गुडलक कॅफेत बन-मस्का मागवून बसले की आपल्या लाडक्या अमेरिकन बँडबद्दल दुसऱ्या चहापर्यंत एक वाक्य येतंच : ‘मेटॅलिका संपली.’ यावर सगळ्यांचं एकमत असतं. भांडण लागतं ते कधी संपली यावरून. एक जण १९८६ म्हणतो, दुसरा १९९१, तिसरा १९९६. चौथा बहुधा वयानं सगळ्यांत लहान असतो, तो २००३ म्हणतो आणि बाकीच्यांच्या नजरेतून उतरतो. चाळीस वर्षं झाली तरी संपलेल्या बँडवर इतक्या तावातावानं का बोलायचं, हे विचारायचं नसतं.

या वादाचं मूळ बँडच्या जन्मातच आहे. १९८१ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या लार्स उलरिक नावाच्या, ड्रम वाजवणाऱ्या डॅनिश पोरानं छोट्या जाहिरातींच्या एका पेपरात ‘सोबत वाजवणारे हवेत’ अशी जाहिरात दिली आणि त्यातून त्याची गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्डशी गाठ पडली. १९८२ मध्ये त्यांनी एक डेमो कॅसेट काढली. तिला ना कंपनी होती, ना दुकान. ऐकणाऱ्यानं तिची कॉपी करायची, पाकिटात घालून दुसऱ्या शहरातल्या दोस्ताला पाठवायची आणि त्यानं तिसऱ्याला. पहिला अल्बम ‘किल एम ऑल’ १९८३ मध्ये आला, तोवर हे नाव असं हातोहात बरंच फिरलं होतं. म्हणजे सुरुवातीचा श्रोता हा नुसतं गिऱ्हाईक नव्हता, तो स्वतःला या बँडचा अर्धा मालक समजत होता. मालकाला न विचारता घरात रंग बदलला की काय होतं, ते पुण्यात कुणाला सांगायला नको.

पहिला रंग बदलला तो लगेच, १९८४ मध्ये. ‘राइड द लाइटनिंग’वर ‘फेड टू ब्लॅक’ नावाचं गाणं होतं. सुरुवातीला अकूस्टिक गिटार, संथ चाल, विषय नैराश्याचा. थ्रॅश, म्हणजे मेटॅलिका वाजवायची तो मेटलचा प्रकार, म्हणजे फक्त वेग असं मानणाऱ्यांनी तेव्हाच ‘विकले गेले’ अशी ओरड केली. आज तेच गाणं ‘खरी, जुनी मेटॅलिका’ म्हणून दाखवलं जातं. हे पुढं जवळजवळ प्रत्येक वेळी घडलेलं आहे.

१९८६ वाल्यांचा मुद्दा मात्र वेगळा आणि जरा हळवा आहे. त्या वर्षी ‘मास्टर ऑफ पपेट्स’ आला आणि २७ सप्टेंबरला स्वीडनमध्ये बँडची बस उलटून बास गिटार वाजवणारा क्लिफ बर्टन गेला, वयाच्या २४ व्या वर्षी. स्वरांची जाण त्या चौघांत त्यालाच सगळ्यांत जास्त होती, असं मानणारे पुष्कळ आहेत, मीही त्यातलाच. त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला. १९८८ च्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’वर त्याचा बास इतका दाबलाय की ऐकूच येत नाही. हा हिशेब उलरिक आणि हेटफिल्डच्या सांगण्यावरूनच झाला होता. नव्या माणसाला घरात घेतलं, पण पंगतीत वाढलंच नाही, असा तो प्रकार. चिडलेल्या श्रोत्यांनी पुढं घरच्या कॉम्प्युटरवर बास उचलून त्या अल्बमची स्वतःची आवृत्ती केली. याच अल्बममधल्या ‘वन’चा व्हिडिओ काढला तेव्हाही ओरड झाली, कारण तोवर व्हिडिओ न काढणं ही या बँडची ताठ मान समजली जायची. आणि १९८९ मध्ये हार्ड रॉक-मेटलचं पहिलं ग्रॅमी बासरी वाजवणाऱ्या इयान अँडरसनच्या जेथ्रो टल या बँडला गेलं आणि मेटॅलिकाला मिळालं नाही, तेव्हा हेच नाराज श्रोते पुन्हा मेटॅलिकाच्या बाजूनं भांडायला उभे राहिले.

आता पुण्याचं.

आमच्याकडे हे सगळं या क्रमानं आलंच नाही. शास्त्रीय संगीताचा पुणेकर कर्वे रस्त्यावर अलूरकरांच्या दुकानात जाऊन हवी ती मैफल मिळवायचा, त्याला अमुक बुवांचं कोणतं ध्वनिमुद्रण आधीचं आणि कोणतं नंतरचं हे तोंडपाठ असायचं. मेटलवाल्याला तेवढी चैन नव्हती. कॅम्पातल्या एखाद्या दुकानात मिळालं ते, नाहीतर परदेशी असलेल्या कुणाच्या भावानं आणलं ते. १९९१ मध्ये स्टार टीव्ही सुरू झाला आणि केबलवाल्यानं गच्चीवरून वायर टाकून दिल्यावर एमटीव्ही घरात आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काळ्या मुखपृष्ठाचा, बँडच्याच नावाचा अल्बम आला होता, ज्याला सगळे नुसतं ‘ब्लॅक अल्बम’ म्हणतात. त्यामुळं माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी आधी ‘एंटर सँडमन’ पाहिलं आणि मग मागं मागं जात १९८३ पर्यंत पोचले.

अमेरिकेतल्या जुन्या श्रोत्यासाठी हा अल्बम म्हणजे दगाफटका होता. निर्माता बॉब रॉक आणला होता, ज्यानं त्याआधी मॉटली क्रूसारख्या केसाळ, चकचकीत बँडचं काम केलेलं. ‘जस्टिस’चं शीर्षकगीत पावणेदहा मिनिटांचं होतं, ‘सँडमन’ साडेपाच मिनिटांत आटोपतं. वेग उतरला, रचना सुटसुटीत झाली, हेटफिल्ड ओरडायच्या ऐवजी गायला लागला. त्यावर ‘नथिंग एल्स मॅटर्स’सारखं सरळसरळ प्रेमगीत! एकट्या अमेरिकेत तो दीड कोटीच्या वर खपला, आणि ज्यांना ही बँड आपल्या गल्लीतली वाटायची त्यांना ती आता शेजारच्या काकूंच्या गाडीतही ऐकू यायला लागली. त्यांचा राग समजतो. पण जो राग पुण्यात ऐकू येतो तो थोडा उसना आहे. ज्या दारातून आपण आत आलो, तेच दार पुढं आपण शिव्या द्यायला निवडलं, कारण जुन्या श्रोत्यासारखं बोललं की जुना श्रोता असल्यासारखं वाटतं. हे मी दुसऱ्यांबद्दल लिहितोय असं नाही. एफवायला असताना मी ‘ब्लॅक अल्बम’ला ‘कमर्शियल’ म्हणून नाक मुरडायचो आणि रात्री हेडफोन लावून ‘द अनफरगिव्हन’ ऐकायचो.

अर्थात हे दुखणं रॉकपुरतं नाही. आजारातून उठल्यावर कुमार गंधर्वांनी गाणं बदललं तेव्हा ‘हे घराण्याचं राहिलं नाही’ म्हणणारे होतेच, आणि सवाईच्या मांडवात ‘पूर्वीची सवाई राहिली नाही’ हे वाक्य माझ्या कळत्या वयापासून दर डिसेंबरात ऐकतोय. मेटलवाल्यांनी ही सवय बहुधा घरातूनच उचलली.

१९९६ चं प्रकरण गाण्यापेक्षा केसांवरून जास्त गाजलं. ‘लोड’ आला तेव्हा चौघांनी केस कापले होते, फोटोत डोळ्यांत काजळ होतं, नावाची टोकदार अक्षरं बोथट केली होती. संगीत ब्लूजकडे, दक्षिणेकडच्या रॉककडे झुकलं होतं. हॉस्टेलच्या खोलीत पाठीपर्यंत केस वाढवून घरच्यांचे बोल खाणाऱ्या पोरांना तो घाव वर्मी लागला. आमच्यातल्या एकानं त्या वर्षी भिंतीवरचं पोस्टर उतरवलं आणि उलटं करून त्यावर थर्मोडायनॅमिक्सची सूत्रं लिहिली. अल्बम मात्र इतका वाईट नाही. ‘ब्लीडिंग मी’ मी आजही कुणाशीही वाद घालून ऐकवीन.

मग आलं २०००, आणि पहिल्यांदा वाद संगीत सोडून श्रोत्यावरच घसरला. ‘आय डिसअपिअर’ हे एका सिनेमासाठी केलेलं गाणं पुरं होण्याआधीच नॅप्स्टरवर, म्हणजे इंटरनेटवरून एकमेकांना फुकट गाणी देण्याच्या सेवेवर, पसरलं. एप्रिलमध्ये मेटॅलिकानं नॅप्स्टरवर दावा लावला आणि मे महिन्यात उलरिक ३,३५,००० हून जास्त वापरकर्त्यांच्या नावांच्या याद्या खोक्यांत भरून नॅप्स्टरच्या ऑफिसात घेऊन गेला. आपल्याच चाहत्यांची नावं हातात घेऊन उभा असलेला ढोलवाला, हे चित्र पुढं कधी पुसलं गेलं नाही. कायद्यानं बँडचं म्हणणं चूक नव्हतं, कंपन्यांचं पुढं काय झालं ते पाहिलं तर उलरिकला लांबचं दिसत होतं असंही म्हणता येईल. पण कॉपी केलेल्या कॅसेटींवर मोठा झालेला बँड कॉपी करणाऱ्यावर उठला, ही गोष्ट जुन्या लोकांना गिळता आली नाही.

पुण्यात तर हा वाद ऐकून आम्ही गप्पच बसलो होतो. डायल-अपवर एक गाणं उतरवायला वीस-पंचवीस मिनिटं लागायची, मधेच घरातल्या कुणी फोन उचलला की गेलं. त्यातून जमवलेलं, सीडीवर जाळलेलं, हॉस्टेलच्या लॅनवरून वाटलेलं. आमच्यापैकी मूळ अल्बम पैसे मोजून घेतलेले किती, हे विचारलं असतं तर खोली रिकामी झाली असती. त्यामुळं पुणेरी श्रोत्याचं त्या काळचं मत साधारण असं : लार्स बरोबर आहे, पण लार्स वाईट माणूस आहे.

न्यूस्टेड जानेवारी २००१ मध्ये सोडून गेला, हेटफिल्ड व्यसनमुक्तीसाठी दाखल झाला, आणि या सगळ्या पडझडीतून २००३ मध्ये ‘सेंट अँगर’ हा अल्बम बाहेर आला. ७५ मिनिटं, एकही गिटार सोलो नाही, आणि तो स्नेअर. स्नेअर ड्रमच्या खालच्या कातड्याला ज्या तारा लागलेल्या असतात, त्यांच्यामुळं त्याला तो चुरचुरीत आवाज येतो. उलरिकनं त्या तारा ढिल्या ठेवूनच वाजवलं. परिणाम असा, की पूर्ण अल्बमभर कुणीतरी पत्र्याच्या डब्यावर पळीनं मारतंय. आमच्या एका मित्राच्या आईनं स्वयंपाकघरातून ‘गॅसवाला आलाय का बघ रे’ म्हणून हाक मारली होती. इतकं नेमकं परीक्षण मी नंतर वाचलं नाही.

२००८ चं ‘डेथ मॅग्नेटिक’ जुन्या वळणावर परतलं, पण आवाज इतका कोंबून भरला होता की मोठ्या जागी तो फाटायचा. गंमत म्हणजे गिटार वाजवण्याच्या एका व्हिडिओ गेमसाठी दिलेली तीच गाणी जास्त स्वच्छ ऐकू येत होती. अल्बम पुन्हा मिक्स करा म्हणून हजारो चाहत्यांनी सह्या केल्या. २०११ मध्ये लू रीड या जुन्या रॉक गायकाबरोबर केलेल्या ‘लुलू’ अल्बमवर तर भांडणही झालं नाही, सगळ्यांनी एकमतानं नावं ठेवली.

त्याच वर्षी ही मंडळी पहिल्यांदा भारतात आली. २८ ऑक्टोबरला गुडगावचा कार्यक्रम सुरक्षेच्या कारणावरून ऐन वेळी थांबला, चिडलेल्या गर्दीनं स्टेज तोडलं आणि तो कार्यक्रम रद्दच झाला. ३० तारखेला बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर मात्र ते वाजले. पुण्याहून उद्यान एक्स्प्रेसनं, नाहीतर कोल्हापूर-बेळगावमार्गे रात्रीच्या बसनं पोरं गेली, म्हणजे पोरं कसली, बायको-मुलांना कारणं सांगून निघालेले बाप्ये. एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव एव्हाना पुण्यात सुरू झाला होता, २०१० पासून, पण मेटॅलिकासाठी गाव सोडावंच लागलं. परतीच्या गाडीत कोणी ‘संपली’ म्हटल्याचं मला आठवत नाही. दौंड मागं पडल्यावर एकानं ‘ढोल जरा मागं पडत होता’ एवढं म्हटलं, आणि पुणं येईपर्यंत तो विषय पुरला.

२०२२ मध्ये एका गाजलेल्या वेब मालिकेच्या शेवटाकडं ‘मास्टर ऑफ पपेट्स’ वाजलं आणि ३६ वर्षांचं गाणं पुन्हा लोकप्रियतेच्या याद्यांत चढलं. जुन्यांनी लगेच ‘आत्ता आले हे’ म्हणून तोंडं वाकडी केली. बँडनं उलट नव्यांचं उघडपणे स्वागत केलं. तेवढ्यापुरता तरी मी बँडच्या बाजूनं आहे.

माझी भाची त्याच लाटेत आली. कोथरूडच्या घरी तिनं स्पीकरवर ‘मास्टर ऑफ पपेट्स’ हा अख्खा अल्बम लावला होता. इथं माझ्या कॅसेटबद्दल सांगायला हवं. मी तो अल्बम भरून घेतला होता नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर, एका बाजूला. एक बाजू ४५ मिनिटांची, अल्बम जवळजवळ ५५ चा. मेटॅलिकाच्या पहिल्या पाच अल्बमांपैकी एकही एका बाजूत मावत नाही, अगदी ‘राइड द लाइटनिंग’सुद्धा सव्वादोन-अडीच मिनिटांनी उरतो. ‘मास्टर’मध्ये सहा गाणी बसायची आणि सातवं, ‘ओरायन’, अर्ध्यात तुटायचं. शब्द नसलेली साडेआठ मिनिटांची रचना, मध्यावर सगळं शांत होतं आणि बर्टनचा बास एकटा पुढं येतो. तो नुकता सुरू झालेला असायचा आणि टेपरेकॉर्डरचं बटण खट्कन वर उडायचं. कित्येक वर्षं माझ्यासाठी ‘ओरायन’ तिथंच संपत होतं.

भाचीच्या स्पीकरवर तो बास सुरू झाला आणि पुढं चालत राहिला. मी हातातला कप खाली ठेवून थांबलो होतो.

‘काय झालं मामा?’

‘काही नाही. वाजू दे.’