फॅरेडेचा शुक्रवार आणि फॅरेडेचा नाताळ

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत शास्त्रज्ञ मायकल फॅरेडेची व्याख्यानं गाजायची, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. (रॉयल सोसायटी वेगळी, ती गल्लतही नेहमीची.) पण ही व्याख्यानं दोन तऱ्हेची होती, आणि त्यांच्यावर लिहिताना बरेच जण दोन्ही एकाच पोत्यात भरतात. तसं होणं साहजिक आहे म्हणा. दोन्ही १८२५ च्या सुमाराला सुरू झाली, दोन्ही फॅरेडेने नावारूपाला आणली आणि सभागृहही तेच.

पहिली शुक्रवारची, संध्याकाळची. श्रोते मोठी माणसं: संस्थेचे सभासद आणि त्यांचे पाहुणे. एक वक्ता, एक तास, विषय संपला. ताजं संशोधन लोकांपुढे यायचं ते इथे. २९ जानेवारी १८९७ ला जगदीशचंद्र बोस इथेच विद्युत किरणांच्या (म्हणजे रेडिओलहरींच्या जातीच्या लहरींच्या) ध्रुवीकरणावर, त्यांची कंपनं एकाच दिशेत येण्यावर, बोलले. तीन महिन्यांनी, ३० एप्रिलला, त्याच सभागृहात जे. जे. थॉमसनने अणूहूनही कितीतरी लहान कण असल्याचं सांगितलं. तोच पुढे इलेक्ट्रॉन ठरला. त्या दिवशी मात्र श्रोत्यांतल्या एका नामवंत भौतिकशास्त्रज्ञाला वाटलं, हा आपली फिरकी घेतोय! बऱ्याच काळाने त्याने थॉमसनकडे तसं कबूलही केलं.

शुक्रवारची शिस्तही न्यारी. घड्याळाचे ठोके पडले की वक्ता आत येतो आणि थेट विषयालाच हात घालतो. 'व्यासपीठावरील मान्यवर' वगैरे काही नाही. आपल्याकडे दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ उरकून वक्त्याच्या हाती माइक येईस्तोवर मागच्या रांगेतले आजोबा पेंगायला लागलेले असतात. तास भरला की तिथे व्याख्यान बंद. बोलण्याआधी वक्त्याला खोलीत कोंडून ठेवण्याचीही प्रथा पडली. १८४६ मध्ये चार्ल्स व्हीटस्टन हा भौतिकशास्त्रज्ञ ऐनवेळी घाबरून पळाला आणि फॅरेडेला उभं राहावं लागलं, म्हणून हा बंदोबस्त, असं सांगतात. किस्सा इतका घोटीव आहे की मला तो दंतकथाच वाटतो.

नाताळची व्याख्यानं मुलांसाठी. इथेही वक्ता एक, विषय एक. पण मालिका असते, पूर्वी बहुधा सहा व्याख्यानांची, आता तीनची. नवा शोध जाहीर करणं हा इथला उद्देशच नाही. फॅरेडेने अशा १९ मालिका केल्या आणि १८६०-६१ च्या नाताळात घेतली काय, तर साधी मेणबत्ती. ती फुंकून विझवायची. वातीतून पांढुरकी रेघ वर चढते. जळती काडी त्या रेघेत, वातीपासून दोन-तीन इंचांवर धरायची. ज्योत रेघेवरून खाली धावते आणि वातीवर जाऊन बसते. म्हणजे जळते ती मेणाची वाफ, हे मुलांना न सांगताच दिसतं. १९६६ पासून ही व्याख्यानं टीव्हीवरही दिसू लागली. १९७७ ला खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन तिथे ग्रहांवर बोलला.

माझ्या मते दोन्हींत अवघड नाताळचं. शुक्रवारी वक्त्याच्या खिशात बातमी असते, ती सांगितली की निम्मं काम झालं. मेणबत्तीत बातमी कुठली? आणि समोरचं पोर 'मग पुढे?' म्हणून बघत असतं.

पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत शाळकरी मुलांसाठी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी होत आलेली व्याख्यानं याच नाताळच्या घराण्यातली.