काटा चाळीसवर का जातो?

कापूस वेचणीच्या दिवसांत चोपडा, पारोळ्याकडे बांधावरच्या निंबाला टांगलेला स्प्रिंगचा काटा अजूनही दिसतो. वीस किलोचं गाठोडं आकड्याला अडकवून हात एकदम काढला, की काटा चाळिसाच्या आसपास जाऊन परत वर उसळतो. 'काट्यात खोट आहे,' असं कुणीतरी म्हणतंच. खोट नसते.

घोळ शाळेपासूनचा आहे. तिथे आडवी स्प्रिंग शिकवतात: मध्यावर वेग सर्वाधिक, स्प्रिंगमधली ऊर्जा शून्य. यातलं दुसरं टांगलेल्या स्प्रिंगला लागू नाही. ती मध्यावरही ताणलेलीच असते.

समजा, वीस किलोला स्प्रिंग ५ सेंटिमीटर ताणते. जितकं ओझं तितका ताण, हा रॉबर्ट हूकने १६७८ साली छापलेला नियम. गाठोडं सुटून ५ सेंटिमीटर खाली आलं, की गुरुत्वाची ९.८ ज्यूल स्थितिज ऊर्जा कमी होते. स्प्रिंगमध्ये मात्र ४.९ ज्यूलच साठते, कारण तिचा जोर शून्यापासून हळूहळू वाढत गेलेला असतो. उरलेली ४.९ वेगात! हाच मध्य. इथे वजन आणि स्प्रिंगचा जोर बरोबरीत आहेत, पण गाठोडं सेकंदाला ७० सेंटिमीटर वेगाने निघालंय. ते थांबेल कसं? आणखी ५ सेंटिमीटर गेल्यावर गुरुत्वाने एकूण १९.६ ज्यूल दिलेली असते आणि दुप्पट ताणाला चौपट ऊर्जा, म्हणजे स्प्रिंगमध्येही नेमकी १९.६. वेगासाठी काही उरत नाही. काटा चाळीसवर.

मला यातली सगळ्यात आवडती गंमत पुढची. अंतर मध्यापासून मोजा आणि दोन्ही स्थितिज ऊर्जांची बेरीज करा. स्प्रिंगच्या ऊर्जेत ताणाचा वर्ग असतो; त्या वर्गाचा विस्तार केल्यावर येणारं मधलं पद गुरुत्वाच्या पदाला पुरतं काटतं. एक स्थिर आकडा सोडला, तर उरतो फक्त अंतराचा वर्ग, अगदी आडव्या स्प्रिंगसारखा. गुरुत्व मध्य खाली सरकवतं, आवर्तकाळाला, म्हणजे एका पूर्ण वर-खाली फेरीच्या वेळेला, हात लावत नाही. आपल्या गाठोड्याचा आवर्तकाळ ०.४५ सेकंद.

स्प्रिंग आणि वजनावर विनाडिझेल, विनावीज चालणारे पंप मोबाइलवर फिरतात, त्यांना हाच हिशेब विचारावा. चाळीसपर्यंत गेलेला काटा वर येतो तेव्हा सुटल्या जागेच्या वर कधीच जात नाही. दर फेरीला थोडा कमीच.

शेवटी तो विसावर थांबतो. गुरुत्वाने दिलेल्या ९.८ पैकी निम्मी ऊर्जा स्प्रिंगमध्ये, निम्मी धातूच्या आणि हवेच्या उष्णतेत. गाठोडं हाताने सावकाश उतरवलं तर काटा उसळत नाही. तीच ४.९ ज्यूल मग हात काढून घेतो.